कंट्रोलची वीज

"माझा शंकरपाळ्यांचा डबा कुठाय?" असं कालिंदीने विचारलं तेव्हा रघुवीरने तो पोटाशी धरला होता आणि डब्याच्या झाकणाला पाच गोल भोकं पडलेली होती.

"हा आता डबा राहिला नाही," रघुवीर अभिमानाने म्हणाला. "याला आता बैठक म्हणायचं. यावर झडप बसणार."

"कोण कोणावर झडप घालणार?"

"घालणार नाही गं, बसणार. व्हॉल्व्ह! मराठीत झडप."

"आणि शंकरपाळे?"

शंकरपाळे उशीच्या अभ्र्यात निघाले. कालिंदीने अभ्र्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एक शंकरपाळा तोंडात टाकला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आता तिला कशाचंही नवल वाटायचं बंद झालं होतं.

रघुवीर सामंत डिलाईल रोडवरच्या मुक्तादेवी चाळीत राहायचा आणि एका मिलच्या हपिसात कारकुनी करायचा. पण ते पोटापाण्यापुरतं. जीव त्याचा रेडिओत. मोडका रेडिओ दिसला की त्याचे डोळे असे चमकत, की चाळीतल्या बायका आपले धड रेडिओसुद्धा त्याच्यापासून लपवून ठेवत. त्यात ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबईत तेव्हा दोनच विषय असायचे. मुंबईसह महाराष्ट्र कधी मिळणार, आणि नळाला पाणी कधी येणार. कामगार मैदानावरची एक सभा ऐकून रघुवीर घरी आला तो शपथ घेऊनच. राज्य मराठीत चालणार आणि रेडिओ मात्र इंग्रजीत दुरुस्त व्हायचा, हे काही त्याला पटेना. त्याने विद्युतशास्त्राला मराठीत आणायला घेतलं. ट्रान्सफॉर्मरचं रोहित्र झालं, व्हॉल्व्हची झडप झाली, रेझिस्टन्सचा विरोध झाला, आणि चोक नावाचं जे तारेचं वेटोळं असतं त्याची, बरीच डोकेफोड केल्यावर, गळचेपी झाली.

चाळीत शिकवणीचा एक वर्ग काढायचा, हे त्याचं जुनं स्वप्न. उद्या मराठी राज्य आलं की कारखाने निघतील, हाताचं काम जाणणारी माणसं लागतील. ती आपल्या चाळीतून का निघू नयेत? मागे त्याने वर्ग सुरूही केला होता. एकच विद्यार्थी आला, तळमजल्यावरचा बुधाजी. बुधाजी सूतखात्यात कामाला, समितीचा कार्यकर्ता, आणि शिकायची भूक अशी, की पाळी संपवून आला की हातपाय धुऊन थेट पाटावर बसायचा. त्याने हौसेने रेडिओसाठी बॅटरी घेतली. ती महिन्याभरात मेली. नवी घेणं परवडेना. बॅटरी गेली, पाठोपाठ बुधाजी गेला, आणि वर्ग बसला. ही गोष्ट रघुवीरला फार लागली. माणसाचा उत्साह बॅटरीच्या आयुष्यावर अवलंबून असावा, ही त्याला सगळ्या विज्ञानाचीच नामुष्की वाटली.

म्हणून ही पेटी. भिंतीतल्या विजेवर चालायची आणि बॅटरीसारखी गरीब, एकसारखी वीज द्यायची. नवशिक्याने कितीही प्रयोग करावेत, संपायची भीती नाही. अडचण एवढीच, की चाळीची वीज मोठी लहरी. दिवेलागण झाली की खाली बसायची, लोक झोपले की वर चढायची. ती काबूत ठेवायला रघुवीरने चोरबाजारातून एक काचेची नळी पैदा केली होती. पेटली की जांभळी दिसायची. वीज कमी येवो, जास्त येवो, ही नळी बाहेर जाणारा दाब हलू देत नाही. इंग्रजीत या पेटीला रेग्युलेटेड पॉवर सप्लाय म्हणतात. रघुवीरने मराठीत नाव ठेवलं, 'नियंत्रित वीजपुरवठा'. नाव त्याने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. ऊर भरून आला.

"मला सांग ना, ही नळी नक्की काय करते?" कालिंदीने विचारलं.

"तुला नाही गं कळायचं ते," रघुवीर स्क्रू पिळत म्हणाला.

कालिंदीने आणखी एक शंकरपाळा खाल्ला.

घाई करणं भाग होतं. चाळ कमिटीची खोली वर्गाला द्यायची की कॅरमला, हा वाद कमिटीचे अध्यक्ष शामराव यांच्यापुढे होता. शामराव मिलमध्ये जॉबर म्हणजे मुकादम, कॅरमचे षौकीन, आणि चाळीतल्या सर्वांत मोठ्या रेडिओचे मालक. तो रेडिओ ते खिडकीत ठेवून असा लावायचे, की ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्याला सारखाच ऐकू यायचा. त्यांनी निकाल देऊन टाकला होता. "रघुवीर, येत्या रविवारी तुझ्या वर्गाला पाच डोकी दिसली तर खोली तुझी. नाही तर सोमवारी कॅरमबोर्ड आत. मग पुन्हा नाव काढायचं नाही."

चाळीच्या दाराशी एक फळा असे. नळ बंद, मयत, सत्यनारायण, सगळं त्याच्यावर. रघुवीरने शुक्रवारी सकाळी कामावर जाताना त्यावर सुबक अक्षरात लिहिलं. फळा लहान, म्हणून शब्द मोजके:

'येत्या रविवारपासून आपल्या चाळीत नियंत्रित वीजपुरवठा. जागा मर्यादित. नावे त्वरित नोंदवावीत. र. गो. सामंत.'

आणि शीळ घालत निघून गेला.

हा फळा सर्वांत आधी वाचला राधाबाईंनी. राधाबाई दुसऱ्या मजल्यावर गिरणीकामगारांची खानावळ चालवायच्या. वाचायला त्या उशिरा शिकलेल्या, म्हणून एकेक अक्षर मोठ्याने जुळवत वाचायच्या, आणि चाळीतलं निम्मं वाचन त्यामुळे आपोआप होऊन जायचं. "नि-यं-त्रि-त," त्या म्हणाल्या, आणि थबकल्या. हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. धान्य नियंत्रित, साखर नियंत्रित, रॉकेल नियंत्रित. कंट्रोल! कंट्रोल उठून काही वर्षं झाली होती. पण लाल ज्वारीच्या भाकऱ्या खाऊन कामगारांनी घातलेल्या शिव्या राधाबाई विसरल्या नव्हत्या.

"अरे देवा!" त्या ओरडल्या. "मेल्यांनी वीज पण कंट्रोलात घातली!"

रघुवीर संध्याकाळी घरी आला तर दारापासून जिन्यापर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात रेशनकार्ड. रघुवीर हरखून गेला. पाच डोकी मागितली होती, इथे अख्खी चाळ लोटली होती. कार्डं कशाला, असं क्षणभर मनात आलं. पण पत्ता बिनचूक लिहिता यावा म्हणून आणली असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कंट्रोलच्या वेळीही कार्डं लिहायला कारकूनच बसवले होते, हे रांगेला आठवत होतं, त्याला नव्हतं.

राधाबाई पुढे सरसावल्या. "काय रे रघू, माणशी किती?"

"माणशी एक तास, मावशी."

"दिसाक?"

"रोज कसं जमेल? फक्त रविवारी."

राधाबाईंनी छातीवर हात ठेवला. "आठवड्याक एक तास! आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस घरी आपापला सराव करायचा."

"काळोखात?"

"सुरुवातीला सगळेच काळोखात असतात, मावशी," रघुवीर प्रेमाने म्हणाला. "हळूहळू प्रकाश पडतो."

राधाबाई भिंतीला टेकल्या. मागून एकाने विचारलं, "पोरांना मिळंल का?"

"दहा वर्षांखालच्यांना नको. धक्का बसतो."

"आमच्या घरात बाळंतीण आहे. तिला जास्त देणार ना?"

"बाळंतिणीने सध्या पडून राहावं. पुढच्या खेपेला तिचा विचार करू."

रांगेत कुजबुज झाली. माणूस चांगला होता हो, खुर्चीवर बसला की असाच होतो, असं कोणीतरी म्हणालं. शेवटी खुद्द शामराव आले, पहिल्यांदाच आवाज खाली आणून. "रघुवीर, आमच्या रेडिओचं कसं रे?"

"घेऊन या की! सुरुवात रेडिओपासूनच करायची आहे. आधी उघडून बघू, मग सुटे भाग काढून सगळ्यांना वाटू."

शामरावांचा चेहरा पडला. नाव मात्र त्यांनीही नोंदवलं. कंट्रोल कोणाला चुकलाय?

"एवढी माणसं शिकायला?" रांग ओसरल्यावर कालिंदीने विचारलं. "आणि कार्डं कशाला? आणि राधामावशी रडत का गेल्या?"

"भारावून गेल्या असतील. मलाही भरून आलं."

"मग माझंही नाव लिही."

"तुला काय करायचंय?" असं म्हणून रघुवीरने पेन्सिल कानावर ठेवली.

शनिवारी गोष्टीने आणखी बाळसं धरलं. शामरावांनी आपल्या अनुभवाचं भांडार उघडलं. "कोटा नेहमी खपावर बसतो," ते गॅलरीत म्हणाले. "आमच्या मिलमध्ये कापसाचा तसाच बसायचा. ज्याचा खप दांडगा त्याला जास्त. तेव्हा रविवारी सरकारी माणसं मोजायला येतील त्या वेळी ज्याला जेवढी जाळता येईल तेवढी त्याने जाळा." झालं! चाळमालकाच्या भीतीने खाटेखाली दडवलेल्या विजेच्या शेगड्या बाहेर आल्या. कोणी सासुरवाडीहून इस्त्री आणली. एकाने लॉजमधला पंखा उचलून आणला. चाळीचा फ्यूज पूर्वी वारंवार उडायचा, म्हणून कोणीतरी त्यात बोटाएवढी तार घालून ठेवली होती. तेव्हा तोही आड येणार नव्हता.

बुधाजीला हे कळलं तेव्हा तो संतापला. मुंबई देत नाहीत ते नाहीत, वर वीजही तोलून देणार! बुधाजी रघुवीरकडे शिकला तो त्या शपथेच्या आधी, सगळा 'रेग्युलेटेड' आणि 'सप्लाय' या शब्दांत. 'नियंत्रित'शी त्याची ओळख फक्त रेशनच्या दुकानातली. ज्या माणसाने आपल्याला तारांना डाग द्यायला शिकवलं तोच सरकारचा माणूस निघाला, याचं त्याला वाईट वाटलं. रघुवीरला जाब विचारायला त्याचे पाय वळेनात. त्याने एक पुठ्ठा आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वीज आमच्या हक्काची!' ज्याच्यासाठी पेटी बनली तोच पेटीविरुद्ध निदर्शनाच्या तयारीला लागला.

रविवारी संध्याकाळी गर्दी खोलीत मावेना, तेव्हा टेबल पटांगणात आणावं लागलं. खोलीतून लांब वायर ओढून रघुवीरने पेटी मांडली, शेजारी बॅटरीवरचा छोटा रेडिओ, आतली बॅटरी काढून, पेटीला जोडून ठेवला, आणि बुधाजीच्या हातातला पुठ्ठा वाचला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढा पाठिंबा!

"मित्रहो!" त्याने सुरुवात केली. "वरून येणारा दाब कधी सारखा नसतो!"

"खरंय!" मागून आवाज आला.

"तो आपल्या मर्जीने चढतो आणि आपल्या मर्जीने उतरतो! भोगायचं कोणी? आपण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुधाजीने चमकून वर पाहिलं. माणूस आपलाच निघाला की!

"त्यासाठी मी या पेटीत एक गळचेपी बसवली आहे."

"गळचेपी बंद करा!" पटांगण दुमदुमलं.

"बंद करून कसं चालेल?" रघुवीर गडबडला. "गळचेपी नसेल तर नुसती घरघर ऐकू येईल! आणि गळचेपीच्या पुढे लगेच विरोध."

"विरोध झालाच पाहिजे!" बुधाजी गरजला.

"पण बेताचा. विरोध फार झाला तर तापतो आणि जळून जातो."

टाळ्या विरल्या. हा नक्की कोणाच्या बाजूचा, हे कोणालाच कळेना. राधाबाई कमरेला पदर खोचून पुढे आल्या. "ता सगळा ऱ्हवांदे. आधी कोटो किती ता सांग."

"कोटा? कसला कोटा?"

"विजेचो! कंट्रोलचो!"

रघुवीरने राधाबाईंकडे पाहिलं, गर्दीतल्या हाताहातांतल्या रेशनकार्डांकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि शुक्रवारपासूनचा एकेक शब्द त्याच्या डोक्यात उलटा होऊन पडला. "मावशी," तो कसाबसा म्हणाला, "ही शिकवणी आहे. रेडिओची. ही पेटी शिकणाऱ्यांसाठी आहे."

जो गलका उठला त्यात कोणाचं रॉकेल साठवणं, कोणाची कामावरची सुट्टी, कोणाचा रविवारचा सिनेमा असा सगळा हिशेब रघुवीरच्या नावावर पडला. शामराव तेवढे मोकळे हसले. "शिकवणी होय! मग सोमवारी कॅरम आत. चला रे!" खिडकीतला त्यांचा रेडिओ त्यांनी मघाच खप वाढवायला मोठ्याने लावून ठेवला होता. त्याच्या तालावर लोक उठायला लागले.

रघुवीरने चार महिने रविवार पाहिला नाही, बायकोचा डबा घालवला, आणि शेवटी कॅरमच! तरी त्याने पेटीचं बटण दाबलं. निदान एकदा लागलेली तर बघावी. नळी जांभळी झाली, छोटा रेडिओ खाकरला, आणि कांद्याच्या रोपांना पाणी किती द्यावं हे एक गृहस्थ सावकाश सांगू लागले.

इकडे पटांगणात खुलासा झाला होता, पण वर खोल्याखोल्यांत कोणाला पत्ता? दिवेलागण झाली तशी ठरल्याप्रमाणे चाळभर एकदम शेगड्या लागल्या, इस्त्र्या तापल्या, पंखे फिरले, दिवे लागले. आणि चाळीच्या विजेने मान टाकली. गॅलरीतले दिवे पिवळे झाले, मग तांबडे, मग विझत्या विडीएवढे. शामरावांचा रेडिओ गाता गाता घोगरा झाला, कण्हला आणि बंद पडला. त्या काळोखात एकच गोष्ट हलली नाही. शंकरपाळ्यांच्या डब्यावरची जांभळी नळी. आणि छोट्या रेडिओतून कांद्याचे गृहस्थ, आवाजात काडीचा फरक न पडता, म्हणत होते, "दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे."

पायऱ्यांवर चढलेली माणसं थांबली. गिरणगावातल्या दीड-दोनशे माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा कांद्याची लागवड इतक्या मन लावून ऐकली असेल.

"ह्याका कसा काय होणा नाय?" राधाबाईंनी विचारलं.

रघुवीर शब्दकोश विसरला. "मावशी, तुमच्याकडे कधी माणसं जास्त येतात, कधी सामान कमी येतं. पण ताटात भाकऱ्या तेवढ्याच पडतात की नाही? ही नळी तेच करते. जास्त आलं तर जास्तीचं स्वतःत जिरवते. कमी आलं की आधी स्वतःचं कमी करते. पुढच्याला मात्र तेवढंच वाढते."

काळोखातून कालिंदीचा आवाज आला. "म्हणजे घरातली बाई."

गॅलरीभर बायका हसल्या. चार महिने रघुवीर ही नळी समजून घेत होता, आणि ती एका वाक्यात, तीही फुकट, समजावून दिली गेली होती.

बुधाजी टेबलाशी आला. नळीच्या उजेडात त्याने डब्याखालची जोडणी डोळे भरून पाहिली. "ही बॅटरी मरायची नाही, भाऊ?"

"नाही मरायची. तुझ्यासाठीच केली."

"मग आधी रेग्युलेटेड म्हणायचं ना! मला कळलं असतं."

"मराठीत असावं म्हणून..."

"मराठीतच पाहिजे," बुधाजी म्हणाला. "पण आपल्या मराठीत. आत्ता मावशींना बोललात तशा." त्याने पुठ्ठा उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं, 'वर्ग इथे भरतो'.

"मग आता ही सगळी नावं खोडायची ना?" रघुवीरने चाचरत विचारलं.

"हात लावून बघ!" राधाबाई कडाडल्या. "एकदा चढलेला नाव उतरवूचा नाय. माका माझी शेगडी माझी मिया दुरुस्त करूक व्हयी."

पुढच्या रविवारी खोली वर्गाकडे होती. शामरावांनी कॅरमबोर्डही दिला. उलटा घातला की कामाचं टेबल छान होत होतं. बदल्यात त्यांची अट एकच, पुढची पेटी त्यांच्या रेडिओसाठी करायची. असल्या दांडग्या रेडिओला हा डबा पुरायचा नाही, मोठा लागेल, असं रघुवीर म्हणाला, तशी शामरावांनी घरातली लाडवांची कोठीच रिकामी करायला घेतली. फळ्यावर या वेळी बुधाजीने लिहिलं होतं, 'रेडिओ शिका. रेशनकार्ड आणू नये.' तरीही सगळे कार्ड घेऊनच आले. सवय ती सवय.

रघुवीर दारात उभा राहून एकेकाला आत घेत होता. शेवटचं कार्ड पुढे आलं ते ओळखीचं वाटलं. वर नाव होतं, 'रघुवीर गोविंद सामंत, माणसे दोन'. कार्डामागे कालिंदी उभी होती, नव्या लुगड्यात, हातात शंकरपाळ्यांचा अभ्रा.

"तू रांगेत कशाला?"

"माणशी एक तास ना?" कालिंदी म्हणाली. "या कार्डावर माणसं दोन आहेत. एकाने सहा वर्षं सगळाच्या सगळा कोटा उचललाय. आज दुसऱ्याचा तास द्या."

रघुवीरने कानावरची पेन्सिल काढून तिचं नाव लिहिलं, आणि पहिल्या बाकावर तिच्यासाठी जागा पुसून दिली.